काड गाडले आणि मका पिवळा पडला: जमिनीतल्या कर्ब-नत्राचा हिशेब

गव्हाचे काड जमिनीत गाडले, वर लगेच मका पेरला आणि तीन आठवड्यांत मका पिवळा पडू लागला. खालची, जुनी पाने आधी. तीही टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने आत सरकत. शेजारच्या वावरात काड पेटवून दिले होते, तिथला मका मात्र हिरवागार. एवढे डोळ्यांनी दिसल्यावर पुढच्या हंगामात काडी ओढली जाणारच. म्हणून या पिवळेपणाचे कारण नीट समजून घेणे फार गरजेचे आहे.

काड गाडलेल्या शेतातले नत्र उडून गेले नव्हते, वाहूनही गेले नव्हते. ते तिथेच होते, मक्याच्या मुळांपासून काही मिलिमीटरवर, पण जिवाणूंच्या आणि बुरशीच्या अंगात. कर्ब म्हणजे कार्बन आणि नत्र म्हणजे नायट्रोजन. पाठ्यपुस्तकात या दोघांची चक्रे दोन वेगळ्या आकृत्यांत काढलेली असतात. शेतात ती एकमेकांत अडकलेली असतात, आणि त्यांना अडकवतो तो मातीतला सूक्ष्मजीव.

जिवाणूचे जेवण

मातीतल्या जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण आठ भाग असतात. हे प्रमाण त्याला फारसे बदलता येत नाही. पण खाल्लेला सगळा कर्ब अंगी लागत नाही. साधारण एक तृतीयांश शरीर बांधायला जातो, उरलेला दोन तृतीयांश ऊर्जेसाठी जाळला जाऊन कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, होऊन हवेत जातो. म्हणजे आठ भाग अंगाला लावायचे तर चोवीस भाग खावे लागतात, आणि त्यासोबत नत्र लागते एक भाग. म्हणून ज्या पदार्थात कर्ब आणि नत्राचे प्रमाण २४:१ च्या आसपास आहे, तो जिवाणूंना पुरेपूर मानवतो. नत्र कमी पडत नाही आणि उरतही नाही.

आता गव्हाच्या काडाकडे पाहा. त्यात हे प्रमाण ८०:१ च्या आसपास असते. उसाच्या पाचटात, म्हणजे वाळलेल्या पाल्यात, १००:१ च्या घरात, लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांत. भरपूर कर्ब मिळाला की जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, पण शरीर बांधायला काडातले नत्र पुरत नाही. मग ते मातीतले अमोनियम आणि नायट्रेट उचलतात. मुळांनाही तेच हवे असते, आणि या ओढाताणीत जिवाणू जिंकतो. तो सगळीकडे पसरलेला असतो आणि त्याला वाट पाहावी लागत नाही. शास्त्रात याला नत्राचे अचलीकरण म्हणतात.

काही आठवड्यांनी काडातला सहज पचणारा कर्ब संपतो. जिवाणू उपाशी मरू लागतात, त्यांना आदिजीव आणि सूत्रकृमी खातात. खाणाऱ्याच्या गरजेपेक्षा जिवाणूच्या अंगात नत्र जास्त असते. ते जास्तीचे नत्र अमोनियमच्या रूपात मातीत टाकले जाते आणि पिकाला पुन्हा मिळू लागते. हे खनिजीकरण. म्हणजे पिकाचे नत्र चोरीला गेलेले नसते, उसने गेलेले असते. अडचण इतकीच, की मक्याला ते तिसऱ्या आठवड्यात हवे होते आणि परत मिळते सातव्या-आठव्या आठवड्यात.

यावर दोनच मार्ग आहेत: वेळ द्या किंवा नत्र द्या. काड गाडून ओलावा असताना पेरणीआधी सहा ते आठ आठवडे गेले, तर पिकाच्या वाट्याला हा ताण बहुतेक येत नाही. ओलावा हवाच. उन्हाळ्यात कोरड्या मातीत गाडलेले काड जूनपर्यंत जवळपास तसेच राहते, आणि पावसानंतर पेरणी व कुजणे एकाच वेळी सुरू होते. एवढे दिवस हाताशी नसतील तर काड गाडतानाच थोडे नत्र द्यावे. आणि पीक पिवळे पडलेच असेल तर हेक्टरी २० ते २५ किलो नत्र, म्हणजे युरियाची एक पिशवी किंवा थोडे जास्त, ओळीच्या कडेने देऊन मातीने झाकावे.

त्याआधी पिवळेपणा कोणता आहे ते पाहावे. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत तो नेहमी दिसतो. त्यावर युरिया टाकून काही साधत नाही.

पाचटाचे आकडे

हे सगळे उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटणाऱ्या पिकात, सर्वांत स्पष्ट दिसते. एक हेक्टर ऊस तुटल्यावर आठ ते दहा टन पाचट मागे राहते. आपल्याकडची रूढ शिफारस अशी: दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक.

हा ८ किलोचा आकडा तपासून पाहू. एक टन कोरड्या पाचटात कर्ब सुमारे ४०० किलो आणि नत्र ४ किलो धरू. ४०० किलोंचा एक तृतीयांश, म्हणजे १३३ किलो कर्ब जिवाणूंच्या अंगी लागणार. आठास एक या हिशेबाने त्यासाठी नत्र हवे साडेसोळा किलो. पाचटात आहे चार. तूट साडेबारा किलोंची, आणि ८ किलो युरियातून मिळते फक्त ३.७ किलो नत्र. मग शिफारस चुकीची आहे का? नाही. पाचट सरीत पसरलेले असते, त्याचा मातीला टेकलेला थर आधी कुजतो, वरचा नंतर. एका वेळी थोडेच पाचट जेवणाच्या ताटात असते. शिवाय आधीच्या जिवाणूंच्या मरणातून सुटलेले नत्र पुढच्या पिढीला मिळते, तेच नत्र दोन-तीनदा फिरते. युरिया लागतो तो ही गाडी सुरू करून द्यायला.

पण हेच पाचट बारीक कुट्टी करून एकदम मातीत मिसळले तर सगळे एकाच वेळी जिवाणूंच्या तोंडाशी येते आणि तूट खरोखर अंगावर येते. त्यामुळे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवणे आणि मातीत मिसळून टाकणे या दोन कामांना नत्राचा एकच हिशेब लावू नये.

पाचट जाळले तर काय होते? कर्ब काही मिनिटांत हवेत जातो आणि त्यावर एकही जिवाणू पोसला जात नाही. नत्रही बहुतांश वायू होऊन जाते. राखेत राहतात पालाश (पोटॅशियम), स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना. जाळलेल्या रानातला मका हिरवा दिसला त्याचे कारण राखेची ताकद नव्हे. तिथे जिवाणूंनी नत्र उसने घेतले नाही, एवढेच. हेक्टरी दहा टन पाचटातले ४० किलो नत्र मात्र धुरात गेले. ते जवळपास दोन पिशव्या युरियाच्या बरोबरीचे आहे.

हवेत डोंगर, मुळाशी दुष्काळ

कर्बाचा प्रवास तसा सरळ आहे. हवेत कर्बवायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ०.०४२ टक्के. औद्योगिक युगाआधी तो २८० च्या आसपास होता. एवढ्या विरळ साठ्यातून पान कर्ब वेचते आणि झाडाच्या कोरड्या वजनाचा ४० ते ४५ टक्के भाग त्यातून उभा राहतो. झाड, गुरे, माणूस, जिवाणू, प्रत्येक जण श्वासावाटे त्यातला काही भाग परत करतो.

नत्राचे उलटे आहे. हवेत ते ७८ टक्के आहे. एका गुंठ्यावरच्या हवेच्या स्तंभात पावणेआठशे टनांच्या आसपास नत्र असते, तरी खालचे पीक नत्रावाचून पिवळे पडते. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडणे कोणत्याही झाडाला जमत नाही. विजेच्या कडकडाटात थोडे नत्र सुटते. बाकीचे काम काही मोजके जिवाणू करतात, नाहीतर कारखाने. आणि इथेच कर्ब पुन्हा मध्ये येतो, कारण बंध तोडायची किंमत दोन्ही ठिकाणी कर्बात मोजावी लागते.

सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या मुळावरची गाठ म्हणजे झाडाने जिवाणूला दिलेली खोली. आत राहणाऱ्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते प्राणवायूने बिघडते, म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचेच हे नातेवाईक. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला बेताबेताने पुरवते. गाठ चिरल्यावर आतून गुलाबी-लाल दिसते ती यामुळे. या सेवेबद्दल झाड साखर देते: एक ग्रॅम नत्रामागे साधारण सहा ग्रॅम कर्ब. म्हणूनच झाड हिशेबी असते. जमिनीत आयते नायट्रेट भरपूर मिळाले की ते गाठींवर खर्च करत नाही. सोयाबीनला सुरुवातीलाच युरियाचा मोठा हप्ता दिला की गाठी कमी धरतात त्याचे कारण हे.

गाठी पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी तपासाव्यात, पण झाड उपटू नये. गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीच्या ढेकळासह झाड काढून पाण्यात मुळे सोडवावीत आणि मोठ्या गाठी नखाने फोडाव्यात. गुलाबी असतील तर काम चालू आहे. आतून पांढरट म्हणजे काम सुरूच झालेले नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे संपले.

पेरणीच्या वेळी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळतात. ते वाया जाते ते बहुतेक तीन चुकांनी: संवर्धक आधी लावून वर बुरशीनाशक चोळणे, बियाणे उन्हात वाळवणे, आणि सोयाबीनला हरभऱ्याचे पाकीट वापरणे. बुरशीनाशक नेहमी आधी, जिवाणू शेवटी, वाळवण सावलीत आणि पेरणी त्याच दिवशी. हरभरा आणि सोयाबीन यांचे जिवाणू वेगळे आहेत, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत.

‘सोयाबीनचा बेवड चांगला’, म्हणजे सोयाबीननंतरच्या पिकाला जमीन चांगली मिळते, हे खरे, पण त्यालाही हिशेब आहे. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नत्र मिळते. म्हणजे १० क्विंटल सोयाबीनसोबत सुमारे ६० किलो नत्र शेताबाहेर जाते. पिकाने हवेतून घेतलेले नत्र बरेचदा एवढेच असते. वर भुसाही उचलून नेला तर जमिनीच्या खात्यात काही जमा होत नाही, उलट वजाही होऊ शकते. बेवड मिळतो तो गळलेल्या पानांतून, मुळांतून आणि शेतात परत आलेल्या भुशातून.

हिरवळीचे खत म्हणून फुलोऱ्यात गाडलेल्या तागाची गोष्ट वेगळी, कारण तिथे काहीच बाहेर जात नाही. ताग ४५ ते ५० दिवसांचा कोवळा असताना त्याचे प्रमाण २०-२५:१ असते आणि तो लवकर नत्र सोडू लागतो. खोड वाखासारखे झाल्यावर गाडला तर तोच ताग काडासारखा वागतो.

थळचा वायू आणि युरियाची पिशवी

कारखान्याचा मार्ग जर्मनीत सापडला. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, दाब हवेच्या दीडशे-दोनशे पट. हायड्रोजन लागतो तो नैसर्गिक वायूतून काढतात. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हेच चालते. वायूतला कर्ब हायड्रोजनपासून वेगळा होऊन कर्बवायू बनतो आणि तोच अमोनियाशी जोडून युरिया होतो.

म्हणजे युरियाच्या पांढऱ्या दाण्यातही कर्ब आहे: नत्राचे दोन अणू, कर्बाचा एक. ४५ किलोच्या पिशवीत नत्र २०.७ किलो. मातीत ओल मिळाली की युरिएज हे विकर दोन-चार दिवसांत युरिया फोडते. अमोनिया सुटतो आणि सोबत पिशवीमागे ३३ किलो कर्बवायू हवेत जातो. जमिनीच्या सेंद्रिय कर्बात यातून काहीच भर पडत नाही.

सुटलेला अमोनिया पाण्यात विरघळून अमोनियम झाला आणि मातीच्या कणाला चिकटला तर वाचतो. चुनखडीच्या, आठच्या वर सामू (pH) असलेल्या जमिनीत ओल्या पृष्ठभागावर युरिया फेकून तसाच सोडला, तर त्यातला मोठा वाटा वास देत उडून जातो. दोन-तीन बोटे खोल पेरून झाकला किंवा लगेच हलके पाणी दिले की हे नुकसान बरेच टळते.

पुढे जिवाणूंच्या दोन टोळ्या अमोनियमचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, म्हणून ऋण भाराची चिकणमाती त्याला धरते. नायट्रेटवर ऋण भार, त्यामुळे त्याला कोणी धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते, अगदी विहिरीतही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट आपल्याकडे मर्यादेबाहेर मानले जाते, कारण त्याने तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. युरियाला निंबोळी तेलाचा लेप देतात तो नायट्रेट होण्याचा वेग कमी करायला. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला तो सक्तीचा आहे.

शेतात पाणी साचले की आणखी एक वाट उघडते. प्राणवायू संपतो, आणि काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू श्वासासाठी वापरू लागतात. उरलेले नत्र वायू होऊन जाते, काही शुद्ध नत्र म्हणून, काही नायट्रस ऑक्साइड म्हणून. हा दुसरा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. या जिवाणूंनाही अन्न म्हणून कर्बच लागतो. त्यामुळे ताजे शेण किंवा हिरवळ, भरपूर युरिया आणि तुंबलेले पाणी एकत्र आले की नत्र सर्वांत वेगाने जाते. काळ्या रानात चर काढून पाणी बाहेर काढणे हे नत्र वाचवण्याचेच काम आहे.

ढिगाचे गणित

खताचा ढीग म्हणजे हेच सगळे नजरेसमोर. सुरुवातीचे प्रमाण २५ ते ३०:१ हवे. १०० किलो कोरडे पाचट घेतले (कर्ब ४० किलो, नत्र ०.४) आणि २०० किलो ताजे शेण (कर्ब १५, नत्र ०.७५), तर एकूण ५५ भागिले १.१५, म्हणजे ४८:१. बहुतेकांना वाटते त्यापेक्षा शेण इथे फार तोकडे पडते, कारण ताज्या शेणात चार पंचमांश पाणी असते. याच ढिगात दीड किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला की ०.६९ किलो नत्र वाढते आणि प्रमाण ३०:१ वर येते. युरिया नको असेल तर गोठ्यातले गोमूत्र आणि गिरिपुष्पाचा पाला ही उणीव भरून काढतात.

ढीग एक मीटरपेक्षा कमी उंच असेल तर उष्णता टिकत नाही. दीड मीटरच्या वर गेला तर तळाला हवा पोहोचत नाही. ओल मुठीत दाबून पाहावी: बोटांत ओल लागावी, धार निघू नये. आठवड्यात आतले तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जायला हवे. तापलाच नाही तर तो कोरडा आहे किंवा नत्र कमी आहे. अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले, कोरडे पाचट मिसळा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, ढीग पलटा.

०.१ टक्क्याची किंमत

माती परीक्षणाच्या कागदावरचा सेंद्रिय कर्ब म्हणजे या सगळ्या उलाढालीनंतर उरलेली शिल्लक. त्यातला टिकाऊ भाग ह्यूमस. त्यात कर्ब-नत्राचे प्रमाण १० ते १२:१ असते. हेक्टरभर १५ सेंटिमीटर मातीचे वजन २० लाख किलो धरू. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल तर कर्ब झाला १०,००० किलो आणि नत्र सुमारे १,००० किलो. त्यातले वर्षाला दोन टक्के सुटले तरी २० किलो नत्र फुकट मिळते. दरवर्षीच्या खोल नांगरटीने हा वेग वाढतो. पीक जोरदार येते, आणि शिल्लक घटते.

आता ०.५ चे ०.६ करायचे आहे. म्हणजे २,००० किलो कर्ब वाढवायचा, आणि १०:१ ने त्यासोबत २०० किलो नत्र मातीत बांधावे लागणार. नऊ-दहा पिशव्या युरियाएवढे. नुसते काड टाकून कर्ब वाढत नाही याचे एक मोठे कारण हे आहे: नत्र नसेल तर काडातला कर्ब ह्यूमसमध्ये बसत नाही, श्वासावाटे निघून जातो. गाडलेल्या काडातला साधारण १० ते २० टक्के कर्बच टिकाऊ रूपापर्यंत पोहोचतो. १५ टक्के धरले तर या ०.१ टक्क्यासाठी ३३ टन पाचट लागते, आणि जुना ह्यूमस दरम्यान कुजत असतो तो वेगळाच. पाचटासोबत शेणखत, ताग, द्विदल पीक फेरपालटात असेल तर ते नत्र टप्प्याटप्प्याने जमते. एकट्या पाचटाने नाही.

आणि जमीन पांढरट, लिंबू किंवा आम्ल टाकले की फसफसणारी असेल, तर तो चुनखडीतला कर्ब. तो वेगळा मोजतात, तो जिवाणूंचे अन्न नाही आणि वर सांगितलेल्या कोणत्याही हिशेबात तो धरायचा नाही. सेंद्रिय कर्ब वाढला की नाही हे पाहायचे तर नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, पेरणी व खते देण्याआधी, त्याच खोलीवरून घ्यावा आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावा. ०.४५ चे ०.४८ झाले हा फरक नमुना घेण्यातल्या फरकानेही पडू शकतो. चार-पाच वर्षांचे कागद एकाखाली एक ठेवल्यावर जो कल दिसतो, तो खरा धरावा.